सिंधूचे उंदीर

"काकूंना हा गाऊन भलताच मोठा होऊन राहिला," हरिदास नेवारे म्हणाला.

हरिदास संस्थेच्या प्राणिगृहात काम करायचा. त्याने तो हिरवा, वाफेत निर्जंतुक केलेला गाऊन माझ्या बायकोच्या, सिंधूच्या, खांद्यांवर धरला होता आणि उरलेलं कापड कुठे खोचावं ते त्याला कळत नव्हतं. सिंधू चाकांच्या खुर्चीत बसली होती. गाऊनची एक बाजू तिच्या मांडीवरून घसरली आणि फरशीला टेकली.

"दुसरा आण. मधल्या मापाचा," डॉ. रेवती अलोणी म्हणाल्या. हा गाऊन त्यांनीच कपाटातून शोधून ठेवला होता, सगळ्यांत मोठा. त्यांनी सिंधूला शेवटचं पाहिलं होतं ते दिवाळीच्या आधी.

"राहू दे, रेवती," सिंधू म्हणाली. "जन्मात पहिल्यांदा मला काहीतरी ढिलं होऊन राहिलं. घालू दे."

हरिदास हसला. तो तिला त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होता. बाकी कोणी हसलं नाही.

मी भिंतीशी उभा होतो. भिंतीवर सूचना होती, की आत जाण्यापूर्वी अंगठी, घड्याळ आणि बांगड्या काढून ठेवाव्यात. ती मी वाचली आणि वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचली. सिंधूला बांगड्या काढाव्या लागल्या नाहीत. त्या होळीच्या सुमारासच मनगटांवरून आपोआप उतरल्या होत्या.

"भाऊजी, टोपी घाला," नर्मदाताई म्हणाल्या. "का तेही आम्हीच करून द्यायचं?"

नर्मदाताई म्हणजे सिंधूची जुळी बहीण. आधी जन्मल्या म्हणून सगळे त्यांना ताई म्हणत, सिंधूसुद्धा. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण समोर अजून प्रार्थनेची रांग उभी असल्यासारख्या बोलत. काटक, ताठ, चष्म्याची दोरी गळ्यात. वयाच्या विशीत त्यांना जे ब्लाउज बसत, तेच साठीला आल्यावरही बसत असं त्या सांगत, आणि ते खरं होतं.

मी टोपी घातली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा नागपुरातल्या एका संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो. माझ्या आठवणीवर माझा फारसा विश्वास नाही. कोण कोणत्या शब्दांत बोललं, ते मी कदाचित थोडं इकडचं तिकडे करत असेन. पण त्या दिवसाचा क्रम मला ठाऊक आहे.

सुरुवात ग्रंथालयातच झाली होती. डॉ. अलोणी जुने अंक मागायला आल्या होत्या. जाता जाता टेबलाशी थांबून म्हणाल्या, "वैरागडे सर, तुमच्या ओळखीत कोणी जुळ्या बहिणी आहेत का? एक बारीक आणि एक जाड, अशा?"

"आठवून सांगतो," मी म्हणालो.

आठवण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण परक्या बाईसमोर बायकोला जाड म्हणायचं मला जमलं नाही. संध्याकाळी जेवताना सिंधूला सांगितलं. मला जेवढं कळलं होतं तेवढं समजावूनही सांगितलं. संस्थेत असे उंदीर आहेत, ज्यांच्या पोटात जन्मापासून एकही जंतू गेलेला नाही. माणसाच्या आतड्यात मात्र कोट्यवधी जंतू राहतात आणि ते शौचातून मिळतात. जाड बहिणीच्या पोटातले जंतू काही उंदरांच्या पोटात सोडायचे, बारीक बहिणीचे दुसऱ्या उंदरांच्या. सगळ्यांना खायला मात्र एकच. मग बघायचं, कोणाचं वजन वाढतं.

सिंधूने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हणजे उंदरांना तर कोणी म्हणू शकणार नाही," ती म्हणाली, "की तुम्ही चोरून खाता."

हे तिला आयुष्यभर ऐकावं लागलं होतं. नऊ वर्षांची होईपर्यंत दोघी बहिणी इतक्या सारख्या होत्या की वडील त्यांना वेणीच्या रिबिनीवरून ओळखत. मग सिंधूला विषमज्वर झाला. पुष्कळ दिवस औषधं चालली. ती उठली, आणि त्यानंतर जी भरत गेली ती थांबलीच नाही. नर्मदा होती तशीच राहिली. आईने सांगितलं, नर्मदेकडून शीक. शिक्षकांनी सांगितलं, माझ्या आईनेही सांगितलं. लग्नाच्या पंगतीत सिंधू वाढप्याला नको म्हणायची तेव्हा शेजारच्या बायका म्हणत, घरून आटोपून आली वाटतं. ती अर्धी पोळी खायची. निदान मला तसं वाटतं. मी जेवताना वाचतो. माझ्या समोरच्या ताटात काय असतं, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

तिने त्याच रात्री बहिणीला फोन लावला. त्या दोघी एकमेकींशी माहेरच्या बोलीत बोलत. नर्मदाताईंचा आवाज मला खुर्चीत बसून ऐकू येत होता.

"डबीत? भरून? माझी?"

"हो. सकाळची."

"सिंधे, तुले वेड लागलं."

"ताई, मी आजवर तुले काही मागितलं?"

"अन् मागून मागून हे मागितलं?" मग जरा खालच्या आवाजात, "नेणार कोण ते?"

"हे नेतील ना. स्कूटरवर."

"भाऊजी?" त्या म्हणाल्या. "बाप्पा."

मी दोन्ही डब्या बर्फाच्या पेटीत घालून नेल्या. सिग्नलला ओळखीचा एक प्राध्यापक भेटला. पायाशी ठेवलेली पेटी पाहून त्याने विचारलं, "श्रीखंड का, वैरागडे?" मी हो म्हणालो.

हे दिवाळीच्या आधीचं. संक्रांतीनंतर सिंधूचं पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या. स्वादुपिंडाचा कर्करोग होता आणि तो पसरलेला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं तेव्हा मी त्यांच्या टेबलावरच्या पेनस्टँडमध्ये किती रंगांची पेनं आहेत ते पाहत होतो. घरी आलो आणि दूध तापवलं. मला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

ती वाळत गेली. ज्यांना आजार ठाऊक नव्हता अशा बायका रस्त्यात भेटून म्हणत, "अगं, काय छान बारीक झालीस. काय घेतेस?" सिंधू म्हणायची, "काही नाही. खाणं सोडलं."

आणि तिकडे तिचे उंदीर वाढत होते. मी संस्थेतून आलो की ती आधी तेच विचारायची.

"काय म्हणाली रेवती? वाढले का?"

"वाढले म्हणाल्या. थोडे."

"अन् ताईचे?"

"त्यांचे नाही वाढले."

"खाणं एकच ना?"

"एकच."

"बरं," ती म्हणायची, आणि मग भाताच्या पेजेचे दोन चमचे घ्यायची. कधी ते राहत, कधी राहत नसत.

चैत्र लागला तेव्हा ती म्हणाली, "मला ते पाहायचे आहेत. अन् ताईला सोबत न्यायचं आहे. तिनं ते डोळ्यांनी पाहावं अन् एकदा तोंडानं म्हणावं. बस, एवढंच पाहिजे."

"काय म्हणावं?"

"की सिंधू खोटं बोलत नव्हती."

मला कुणाकडे काही मागता येत नाही. डॉ. अलोणींच्या खोलीशी दोनदा गेलो आणि दोनदा कुठल्याशा अंकाची आठवण करून देऊन परत आलो. पुढच्या वेळी त्यांनीच विचारलं, "सर, अंकांचं राहू द्या. काय झालंय?" मी सांगितलं.  त्या म्हणाल्या, बाहेरच्यांना आत नेत नाहीत, पण प्रयोग सोमवारी संपतोच आहे, त्याआधी आणा. फक्त एक अट. हरिदाससमोर कोणते उंदीर कोणाचे, हे बोलायचं नाही. वजन घेणाऱ्याला ते माहीत असता कामा नये, नाहीतर काटा पाहताना त्याचे डोळे आपलंच मत वाचतात. त्याला फक्त एवढंच ठाऊक होतं, की दोन बहिणी आहेत.

तर असे आम्ही सगळे तोंडाला मुसकं, डोक्याला टोपी आणि पायांत कापडी पिशव्या घालून उभे होतो. हरिदासने खुर्चीची चाकं औषधाच्या बोळ्याने पुसली आणि दार उघडलं.

आतली खोली थंड होती. पंख्यांची एकसारखी घरघर चालू होती. समोर दोन मोठे पारदर्शक फुगे होते, जाड प्लॅस्टिकचे, एकेक खाटेएवढा, आत हवा भरून ताणलेले. संस्थेत त्यांना बबल म्हणत. प्रत्येक बबलमध्ये पिंजरे होते आणि पिंजऱ्यांत उंदीर. प्लॅस्टिकच्या भिंतीतूनच रबराचे लांब काळे हातमोजे आत लोंबत होते. हरिदासने बाहेरून त्यांत हात घातले तेव्हा आत कोणी दुसरंच माणूस काम करतंय असं वाटलं.

सिंधू प्लॅस्टिकच्या अगदी जवळ गेली. उंदीर काळे होते. मला पांढरे असतील असं उगीच वाटलं होतं.

ती एका बबलकडे पाहायची, मग दुसऱ्याकडे. तिचा चेहरा मुसक्याने झाकलेला होता, पण तिला काय झालं ते मला कळलं. तिला फरक दिसत नव्हता. मलाही दिसत नव्हता.

"मला तर सगळे सारखेच दिसतात," नर्मदाताई म्हणाल्या.

"डोळ्यांना फारसं नाही कळत, मावशी," हरिदास म्हणाला. "काट्यावर कळतं. दाखवू का, मॅडम?"

डॉ. अलोणींनी मान डोलावली. आत छोटा काटा होता, वर प्लॅस्टिकचा डबा ठेवलेला. हरिदासने एका उंदराला शेपटीच्या बुडाशी धरून अलगद त्यात सोडलं. आकडा हलत हलत स्थिर झाला.

"अठ्ठावीस ग्रॅम," हरिदास म्हणाला. मग तो दुसऱ्या बबलकडे गेला, तिथले हातमोजे चढवले. "अन् हा बघा. चोवीसच्या आत. दोघं एकाच वयाचे, एकाच वाणाचे. माणसाच्या हिशेबानं धराल तर मोठा फरक झाला."

सिंधूने ते आकडे हळूच पुटपुटले.

"आणि खाणं?" तिने विचारलं.

"दोन्हीकडे तेच, काकू," डॉ. अलोणी म्हणाल्या. "एकाच पोत्यातलं, वाफवून आत पाठवलेलं. किती दिलं ते मोजतो, उरलेलं मोजतो. फरक नाही." थोडं थांबून म्हणाल्या, "मात्र दोघींवरून काही सिद्ध होत नाही. अशी पुष्कळ जुळी पाहावी लागतील."

"तुम्ही पाहा पुष्कळ," सिंधू म्हणाली. "मला दोनच पुरे."

हरिदासला माणसं भेटल्याचा आनंद झाला होता. दिवसभर तो त्या खोलीत एकटाच असायचा. मोजे काढत तो बोलू लागला.

"अठ्ठावीसवाले गरीब आहेत हो. खातात अन् गप पडून राहतात. काय खातात ते अंगी लागतं बिचाऱ्यांच्या. पण हे बारके आहेत ना, यांच्यावर जाऊ नका. हे खरे खादाड. झाकण उघडलं की पहिले हेच धावतात. त्यातला एक तर असा आहे, दुसऱ्याच्या वाट्याची गोळी पळवतो अन् भुशाखाली दडवतो. मी वळलो की खातो. अन् पुन्हा काट्यावर ठेवला की चोवीसच. काढा आता चोर."

"हरिदास," डॉ. अलोणी म्हणाल्या, "अंदाज नकोत. मोजलं त्यात तसं काही आलेलं नाही."

"मोजल्यात नाही आलं, मॅडम. पण मी रोज पाहून राहिलो ना." तो नर्मदाताईंकडे वळला. एवढ्या वेळात त्याने मनाशी काही जुळवलं असावं. समोर दोन बहिणी होत्या, एक खुर्चीत हाडांचा सापळा होऊन बसलेली आणि दुसरी तिच्यापेक्षा भरलेली. "हे अठ्ठावीसवाले तुमच्याकडचे असतील, नाही का मावशी?"

"हरिदास," डॉ. अलोणी पुन्हा म्हणाल्या.

"नाही विचारत, मॅडम."

 नर्मदाताई बारक्या उंदरांच्या बबलसमोर उभ्या होत्या. आत एक उंदीर भुसा उकरत होता. त्यांचा चष्मा मुसक्याच्या वाफेने धुरकटला होता, तरी त्यांनी तो पुसला नाही.

सिंधूने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि तशीच पाहत राहिली. पंख्यांचा आवाज चालू होता. मी बबलवरचं उत्पादकाचं नाव वाचलं.

"उंदरांचं काय," शेवटी नर्मदाताई म्हणाल्या. "उंदीर तो उंदीर. माणसाचं वेगळं असते."

सिंधूने मान परत समोर केली.

"यांचं पुढे काय?" तिने विचारलं. "सोमवारनंतर?"

"मग काढायचे," हरिदास म्हणाला.

"काढायचे म्हणजे?"

हरिदासने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉ. अलोणी म्हणाल्या, "चरबी आतून मोजावी लागते, काकू. त्यांना काही कळत नाही. झोपेतच."

सिंधूने प्लॅस्टिकवर हात टेकवला. तिच्या हाताच्या सावलीशी एक जाडा उंदीर आला, नाक उचलून थांबला आणि परत गेला.

"बरं," ती म्हणाली. "नीट मोजा."

उंदीर सोमवारी गेले. सिंधू ज्येष्ठात गेली.

पण त्या दिवशी अजून दुपार होती. बाहेर आलो, गाऊन काढले. डॉ. अलोणींना कुठेशी बैठक होती, त्या सिंधूचा हात दाबून गेल्या. मी रिक्षा बोलवायला निघालो तेव्हा सिंधू म्हणाली, "कसला वास येऊन राहिला?"

"कँटीनचा," मी म्हणालो. "आलुबोंडे काढले असतील."

"मला खायचा आहे."

"तुला झेपेल का?"

"खायचा आहे म्हटलं. तिथं बसून."

मी त्या संस्थेत इतकी वर्षं काढली, पण ती एकदाही कँटीनमध्ये आली नव्हती. मी खुर्ची ढकलत नेली. कोपऱ्यातलं एक टेबल रिकामं होतं, मी तिकडे वळवू लागलो तर तिने मधल्या टेबलाकडे बोट दाखवलं. आजूबाजूला विद्यार्थी, शास्त्रज्ञ, कचेरीतले लोक जेवत होते. मी दोन प्लेटी आणल्या, आलुबोंडे आणि वर तर्री. स्वतःसाठी चहा घेतला.

सिंधूने बोटांनी बोंड्याचा एक तुकडा मोडला, तर्रीत बुडवला आणि तोंडात घातला. खूप वेळ चावला. गिळला. दुसरा तुकडा मोडला आणि तो हातातच राहिला.

नर्मदाताईंनी प्लेटला हात लावला नव्हता. त्या डोळे खाली घालून बसल्या होत्या. शाळेत चुकलेली मुलगी त्यांच्यासमोर अशीच बसत असेल.

"तो भुसा उकरणारा," त्या म्हणाल्या.

"काय त्याचं?" सिंधू म्हणाली.

"काही नाही."

शेजारच्या टेबलावर कोणी तरी मोठ्याने हसलं. ते हसणं संपेपर्यंत नर्मदाताई थांबल्या.

"कोठीतला गूळ मी खायची," त्या म्हणाल्या. "तू तापातून उठली त्या वर्षी. शेंगदाणे, गूळ, तुपाच्या बरणीत बोट घालून तूप. आईनं कोठीला कुलूप लावलं ना, त्याची चावी कुठं ठेवते ते मले माहीत होतं. मग कळलं की आई तुलेच मारते. मी दोन दिवस नाही खाल्लं. तिसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं."

सिंधूने हातातला तुकडा तर्रीत बुडवला.

"नंतरही खायची. शाळेत माझ्या खोलीतल्या कपाटात चिवड्याचा डबा असायचा. दार लोटून घ्यायची अन् खायची. पोरींना बाहेर संयमावर भाषण द्यायची, अन् आत येऊन खायची. अजूनही खाते. अंगाला कधी लागलं नाही, म्हणून कोणी कधी विचारलं नाही. मले वाटायचं, देवानं माझं झाकून ठेवलं." त्यांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. "तू खोटं नव्हती बोलत, सिंधे. मी बोलत होती."

मी चहाच्या पेल्याकडे पाहत होतो. त्यावर साय धरली होती. हे वाक्य ऐकण्यासाठी आपण इथवर आलो, एवढं मला कळत होतं. ते ऐकल्यावर काय होतं, ते मला कळत नव्हतं.

"मले माहीत होतं," सिंधू म्हणाली.

"काय?"

"गुळाचं. तू माझ्याच अंगाशी झोपायची ना. तुझ्या तोंडाला वास यायचा."

नर्मदाताई तिच्याकडे पाहत राहिल्या. "मग तू आईले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं ना." सिंधूने हातातला तुकडा प्लेटमध्ये ठेवला. "मी म्हटलं, आई, ताई खाते. आईनं तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. अन् मग पुन्हा मलेच मारलं, बहिणीवर आळ घेते म्हणून."

 सिंधूच्या आवाजात राग नव्हता. दुसऱ्या कुणाच्या घरातली हकिगत सांगावी तसं तिने ते सांगितलं. मग तिने आपली प्लेट टेबलावरून हळूहळू नर्मदाताईंच्या पुढ्यात सरकवली. आता त्यांच्यासमोर दोन्ही प्लेटी होत्या.

"खा," ती म्हणाली.

"नको गं."

"भूक नाही?"

नर्मदाताईंनी आजूबाजूला पाहिलं. "इथं? सगळ्यांच्या समोर?"

"सगळ्यांच्या समोरच."

त्यांनी आधी आपल्या प्लेटमधला बोंडा मोडला. पहिला घास त्यांनी पदराआड घेतल्यासारखा घेतला. दुसरा तसा नव्हता. मग त्या खात गेल्या. मी इतकी वर्षं त्यांना पंगतीत, सणाला, आमच्या घरी जेवताना पाहिलं होतं. त्यांचं जेवण म्हणजे चार घास आणि वर पाणी. आता त्या वाकून खात होत्या, तर्रीत बोटं बुडवून, हनुवटीला लागलेला रस्सा मनगटाने पुसत. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ते तर्रीच्या तिखटाने असेल किंवा नसेल. आपली प्लेट संपली तशी त्यांनी सिंधूची ओढली, आणि तिने मोडून ठेवलेला तुकडासुद्धा खाल्ला.

सिंधू दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहत होती. आजारी मूल बऱ्याच दिवसांनी जेवू लागलं की आई पाहते तसं.

"अहो," ती म्हणाली, "अजून एक प्लेट सांगा हिला."

मी उठलो. काउंटरशी रांग होती, मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा काउंटरवरचा मनोहर म्हणाला, "वैरागडे सर, तिसरी प्लेट? आज काय विशेष? कोणासाठी?"

माझ्या मागे पाच-सहा माणसं होती. सगळी ओळखीची. मी सहसा अशा वेळी काहीतरी पुटपुटतो आणि पैसे पुढे करतो.

"माझ्या मेव्हणीसाठी," मी म्हणालो. "त्या तिथे बसल्या आहेत. त्यांना फार भूक लागते. लहानपणापासून."

मी ते बरंच मोठ्याने म्हणालो असणार. कारण रांगेतली सगळी माणसं वळली, आणि मधल्या टेबलाशी बसलेल्या त्या ताठ, काटक बाईच्या दोन रिकाम्या प्लेटींकडे पाहू लागली.